जुना संगणक सुरू व्हायला इतका उशीर का लावतो?

२०२५ च्या दिवाळीत मी इंदूरला ताईकडे गेले होते. ताई घरीच आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. सकाळी देवापुढे दिवा लावला की ती संगणकाचे बटण दाबते आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवते. चहा उकळून, गाळून, कप हातात घेऊन ती परत येते तेव्हा पडद्यावर चित्रे दिसू लागलेली असतात. पण प्रश्नपत्रिकेची फाइल उघडायला जावे, तर ते निळे कडे गरागरा फिरतच राहते. कप रिकामा होतो, तरी फाइल काही उघडत नाही.

‘‘किती वेळ लागतो गं याला?’’ मी विचारले.

‘‘सात-आठ मिनिटं. आता सवय झाली,’’ ताई म्हणाली.

भावोजींनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. ‘‘मी कधीपासून सांगतोय हिला, भंगारात देऊन टाक. बारा वर्षं झाली त्याला. चाळीस हजार गेले तर गेले.’’

ताई गप्प बसली. त्या महिन्यात धाकट्याच्या कॉलेजची फी भरायची होती. चाळीस हजार ‘गेले तर गेले’ म्हणण्यासारखी घरची परिस्थिती नव्हती, हे तिलाही ठाऊक होते आणि मलाही.

असा एखादा जुना संगणक आज पुष्कळ घरांत आहे. तो बिघडलेला नसतो. एकदा तयार झाला की पत्र लिहून देतो, हिशेब करतो, मुलांचे अर्ज भरून देतो. फक्त सकाळी तयार व्हायलाच त्याला फार वेळ लागतो. हा दोष वयाचा आहे असे आपण धरून चालतो. वयाचा थोडा वाटा असतोच. पण बराच वाटा आपण वर्षानुवर्षे नकळत त्याच्यावर लादलेल्या ओझ्याचा असतो. आणि ते ओझे घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता, उतरवता येते.

बटण दाबल्यावर काय घडते?

संगणकाचे बटण दाबले की आधी यंत्र स्वतःची तपासणी करते. मग विंडोज ही मूळ प्रणाली सुरू होते. इथपर्यंतचे काम आवश्यकच आहे. खरी गंमत यानंतर सुरू होते. आपण नाव-संकेतशब्द देऊन आत गेलो की विंडोज एक यादी हातात घेते. ‘मी सुरू झाले की यांनाही सुरू करायचे’ अशी ती यादी. त्या यादीतला प्रत्येक प्रोग्रॅम, आपण बोलावले असो वा नसो, आत येऊन बसतो.

ही पद्धत जुनी आहे. डॉसच्या काळात ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ नावाची एक छोटी फाइल असे. सुरुवातीला काय काय चालवायचे ते तिच्यात लिहिलेले असे आणि जाणकार माणूस ते स्वतःच्या हाताने लिहीत असे. पुढे विंडोजमध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा कप्पा आला. ज्याला सुरुवातीपासून हजर ठेवायचे त्याचे चित्र त्या कप्प्यात टाकायचे, इतके ते सोपे होते. विंडोज ९५ पासून मात्र ‘रजिस्ट्री’ नावाच्या आतल्या नोंदवहीचे प्रस्थ वाढले. या वहीत ‘रन’ नावाचा रकाना असतो आणि कोणताही प्रोग्रॅम संगणकावर बसवला जाताना स्वतःचे नाव तिथे लिहून ठेवू शकतो. आपण घाईघाईने ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातो आणि त्याची नोंद होऊन जाते.

एकेका प्रोग्रॅमचे म्हणणे रास्त वाटते. प्रिंटरवाला म्हणतो, शाई संपत आली तर मी सांगेन. गाणी ऐकवणारा म्हणतो, तुम्ही बोलावलेत की मी झटकन उघडेन. कोणी म्हणतो, माझी नवी आवृत्ती आली आहे का ते मी रोज पाहीन. पण सकाळी सातच्या ठोक्याला दूधवाला, पेपरवाला, इस्त्रीवाला, भाजीवाला आणि गॅसवाला एकदमच दारात उभे राहिले तर घरच्या बाईची जी अवस्था होईल, तीच संगणकाची होते.

जुन्या यंत्रालाच त्रास का?

नव्या संगणकातही अशी गर्दी असते, पण तिथे ती जाणवत नाही. याचे कारण डिस्कमध्ये आहे. जुन्या संगणकातली हार्ड डिस्क म्हणजे गरगर फिरणारी तबकडी. टेबलावरच्या संगणकात ती बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, लॅपटॉपमध्ये अनेकदा ५,४००. माहितीचा एखादा तुकडा हवा असेल तर एका दांडीला योग्य जागी सरकावे लागते आणि तबकडीचा नेमका भाग तिच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. या खटाटोपात सेकंदाचा साधारण शंभरावा भाग, कधी त्याहून थोडा जास्त वेळ जातो. ऐकायला हे काहीच नाही. पण विखुरलेले तुकडे गोळा करायचे म्हटले तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच तुकडे आणू शकते. दहा-पंधरा प्रोग्रॅम एकाच वेळी हजारो तुकडे मागू लागले की दांडी नुसती इकडून तिकडे धावत राहते. संगणकाजवळ कान नेलात तर ती खरखर ऐकूसुद्धा येते. नव्या संगणकातल्या एसएसडीत फिरणारा भागच नसतो. ती असे हजारो तुकडे एका सेकंदात देते.

दुसरी अडचण स्मृतीची, म्हणजे रॅमची. ताईच्या संगणकात ती चार जीबी होती. त्यातली निम्मीअर्धी विंडोजच वापरते. उरलेल्या जागेत न बोलावलेले पाहुणे बसले की आपल्या कामाला जागा पुरत नाही. मग संगणक स्मृतीतला काही भाग उचलून त्याच मंद डिस्कवर ठेवतो आणि गरज पडली की परत आणतो. त्यामुळे सुरुवातीनंतरही दिवसभर काम रेंगाळते.

यादी कशी पाहाल?

विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. तो छोटा दिसला तर खालच्या ‘मोअर डीटेल्स’वर टिचकी मारा. वरच्या ओळीत ‘स्टार्टअप’ असा भाग आहे. तिथे ही सगळी यादी एका खाली एक दिसते. विंडोज ११ मध्ये या भागाला ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ असे नाव आहे. विंडोज ७ असेल तर ‘रन’च्या चौकटीत ‘एमएसकॉन्फिग’ असे इंग्रजीत लिहून उघडणाऱ्या खिडकीत ‘स्टार्टअप’ पाहावे.

प्रत्येक नावापुढे ते कोणी बनवले, ते चालू आहे की बंद, आणि सुरुवातीवर त्याचा परिणाम किती, हे लिहिलेले असते. परिणामाच्या रकान्यात ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा शेरा असतो. ज्याने सुरुवातीला प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर तीन एमबीहून जास्त देवाणघेवाण केली, त्याला ‘हाय’ हा शेरा मिळतो. एखादा प्रोग्रॅम सुरुवातीच्या यादीतून काढायचा तर त्याच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबून ‘डिसेबल’ म्हणायचे. बस्स, एवढेच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘डिसेबल’ केले म्हणजे प्रोग्रॅम पुसला जात नाही. तो संगणकावर असतोच, तुम्ही हाक मारलीत की येतो. फक्त न बोलावता येत नाही. निर्णय चुकला असे वाटले तर त्याच जागी ‘एनेबल’ म्हणून तो पूर्ववत करता येतो. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र बेफिकीर होण्याचेही नाही. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकले आहे.

माझ्या हातून झालेली चूक

२०२१ साली आमच्या घरचा लॅपटॉप असाच रेंगाळू लागला होता. कोणीतरी ही युक्ती सांगितली. मी उत्साहाने यादी उघडली आणि ज्याच्यापुढे ‘हाय’ दिसेल त्याला सरसकट बंद करत सुटले. लॅपटॉप खरोखरच चपळ झाला. घरात माझे कौतुकही झाले.

बंद केलेल्यांत एक प्रोग्रॅम असा होता, जो आमच्या छायाचित्रांच्या फोल्डरची प्रत गुपचूप इंटरनेटवरच्या खात्यात ठेवत असे. तो कधी दिसत नसे, कधी बोलत नसे. म्हणून तो काय करतो हे मी विसरूनच गेले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी आईची पंच्याहत्तरी झाली. सगळे भाऊबहीण जमले होते. फोनवरची छायाचित्रे मी लॅपटॉपवर उतरवली, फोन रिकामा केला आणि निश्चिंत झाले. पुढे तीन महिन्यांनी डिस्क अचानक बंद पडली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. खात्यात पाहिले तर शेवटची प्रत मी ज्या दिवशी ‘डिसेबल’ म्हटले त्याच दिवसाची होती.

भावंडांकडून काही छायाचित्रे परत मिळाली. पण त्या दिवशी दुपारी आईने मला तिच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या होत्या आणि मी त्या फोनवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. ती फाइल फक्त माझ्याजवळच होती. आई पुढच्या उन्हाळ्यात गेली.

लॅपटॉप काही मिनिटे लवकर सुरू व्हावा म्हणून मी ते केले होते. तेव्हापासून मी ‘हाय’ आणि ‘लो’ या शेऱ्यांवर निर्णय घेत नाही. वेळ कोण किती घेतो, एवढेच तो शेरा सांगतो. कामाचा कोण आहे, हे तो सांगू शकत नाही. ते घरच्या माणसालाच ठरवावे लागते.

कोणाला ठेवावे, कोणाला निरोप द्यावा?

यादीतल्या प्रत्येक नावाबद्दल स्वतःला तीन प्रश्न विचारा. हा प्रोग्रॅम नेमके काय काम करतो? ते काम मी संगणकाशी बसण्याआधीपासून व्हायला हवे का? आणि हा बंद केला तर ते काम दुसरे कोण करणार आहे?

विषाणूंपासून संरक्षण करणारा प्रोग्रॅम आणि विंडोजच्या सुरक्षेची नोंद यांना हात लावू नये. छायाचित्रांची, कागदपत्रांची प्रत ठेवणारा प्रोग्रॅम असेल तर तोही राहू द्यावा. तो अगदीच जड वाटत असेल, तर दर रविवारी स्वतः वेगळ्या डिस्कवर प्रत काढण्याची व्यवस्था आधी करावी आणि मगच तो बंद करावा. ध्वनीचे आणि लॅपटॉपच्या टचपॅडचे प्रोग्रॅमही चालू असावेत, नाहीतर आवाजाच्या किंवा बोटांच्या काही सोयी बंद पडतात.

आपल्या मराठी घरांसाठी आणखी एक सूचना. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम किंवा श्रीलिपी यांसारख्या प्रोग्रॅमवर ज्यांचे टंकलेखन चालते, त्यांनी त्याचे नाव यादीत दिसले तर ते बंद करण्याआधी विचार करावा. कळफलकावरची अक्षरे मराठीत उमटवण्याचे काम तोच करत असतो. विंडोजमधलाच मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक वापरत असाल तर वेगळ्या प्रोग्रॅमची गरज नसते.

बिनदिक्कत निरोप देता येतील असेही पुष्कळ असतात. गाणी आणि खेळ यांचे प्रोग्रॅम, व्हिडीओवर बोलण्याचे प्रोग्रॅम, प्रिंटरच्या शाईची जाहिरात करणारे, पूर्वी कधी घेतलेल्या फोनला जोडणारे. हे सगळे गरज पडेल तेव्हा उघडता येतात. नव्या आवृत्तीची चौकशी करणाऱ्यांपैकी ब्राउझर आणि पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम यांना मात्र अद्ययावत ठेवणे सुरक्षेच्या दृष्टीने जरूर असते. त्यांची चौकशी बंद केलीत तर महिन्यातून एकदा ते काम स्वतः आठवणीने करा.

ज्याचे नाव ओळखीचे वाटत नाही त्याच्यावर उजवे बटण दाबून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हणा. तो कोणत्या फोल्डरमध्ये राहतो ते कळले की बहुधा उलगडा होतो. तरीही कळले नाही, तर जाणकाराला विचारेपर्यंत त्याला तसेच राहू द्या.

एक पथ्य कटाक्षाने पाळा. सगळे एकदम बंद करू नका. आज दोन बंद करा, दोन दिवस वापरून पाहा, मग पुढचे दोन. काही बिघडलेच तर कशामुळे बिघडले ते लगेच कळते. आणि बदल केल्यावर ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ म्हणा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावरही प्रणालीचा काही भाग डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’मध्ये सगळे नव्याने सुरू होते, त्यामुळे फरक खरा कळतो.

काही हट्टी प्रोग्रॅम बंद केल्यावरही पुन्हा यादीत येतात. अशा वेळी तो प्रोग्रॅम उघडून त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘संगणकाबरोबर सुरू व्हा’ अशा अर्थाची जी खूण असेल ती काढावी. जो प्रोग्रॅम वर्षभरात एकदाही वापरला नाही, तो सरळ काढूनच टाकावा.

‘वेग वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

संगणक मंद झाला की माणूस उपाय शोधू लागतो आणि नेमके तिथेच फसतो. ‘एका टिचकीत वेग दुप्पट’ असे सांगणारे फुकट प्रोग्रॅम मोहात पाडतात. यातले कित्येक बसवल्याबरोबर स्वतःच सुरुवातीच्या यादीत जाऊन बसतात. गर्दी हटवायला बोलावलेला माणूस दारातच खुर्ची टाकून बसावा, तसा हा प्रकार. त्याहून वाईट म्हणजे पडद्यावर अचानक धोक्याची सूचना आणि एक फोन नंबर झळकतो. त्या नंबरावर कधीही फोन करू नका आणि अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून दूर बसून संगणक चालवू देणारा कोणताही प्रोग्रॅम बसवू नका.

ज्यांना यादी अधिक खोलात जाऊन पाहायची असेल त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर ‘ऑटोरन्स’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्जवेल यांनी तयार केला. त्यांची संस्था २००६ साली मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. पण त्यात विंडोजच्या स्वतःच्या आतल्या नोंदीही दिसतात, म्हणून नवख्याने त्यात हात घालू नये. घरच्या कामाला टास्क मॅनेजरची यादी पुरेशी आहे.

ताईच्या संगणकाचे काय झाले?

ताईच्या यादीत चौदा नावे निघाली. त्यात दोन प्रिंटर होते, पैकी एक तिने कधीच विकून टाकला होता. २०२० च्या टाळेबंदीत मुलांचे वर्ग घेण्यासाठी बसवलेले तीन प्रोग्रॅम होते. त्यातला एकच ती आता वापरत होती, तोही आठवड्यातून एकदा. धाकट्याचे दोन खेळ होते. कुठल्याशा जुन्या फोनची जोडणी होती. मी तिथे आठ दिवस होते. रोज संध्याकाळी आम्ही दोघी बसायचो, एकेका नावाची चौकशी करायचो आणि वहीत टिपून ठेवायचो. निघताना पाच नावे चालू राहिली: सुरक्षा, ध्वनी, मराठी टंकलेखन, कागदपत्रांची प्रत ठेवणारा प्रोग्रॅम आणि एक, ज्याचा आम्हा दोघींना उलगडा झाला नाही.

शेवटच्या दिवशी भावोजींनी स्वतः घड्याळ लावून पाहिले. बटण दाबल्यापासून प्रश्नपत्रिका उघडेपर्यंत तीन मिनिटे आणि काही सेकंद. ‘‘ठीक आहे,’’ एवढेच ते म्हणाले. पण त्यानंतर चाळीस हजारांचा विषय निघाला नाही.

अर्थात या उपायालाही मर्यादा आहेत, हे मी ताईला स्पष्ट सांगितले. तबकडीची डिस्क आहे तोवर यापेक्षा फार वेग मिळणार नाही. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तर जुन्या यंत्राचाही कायापालट होतो, आणि नव्या संगणकाच्या मानाने तो खर्च फारच थोडा असतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ साठी ठरावीक नवे प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे २०१३ सालचा संगणक त्या अटींत बसत नाही. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची जादा दुरुस्ती देण्याची योजना कंपनीने जाहीर केली होती. ताईने तिच्यात नाव नोंदवले आणि त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करणे बंद केले. पुढे त्यावर लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसवायची की पैसे साठवून नवा घ्यायचा, ते ती सावकाश ठरवणार आहे. फीच्या महिन्यात, हतबल होऊन ठरवण्याची वेळ तिच्यावर आली नाही, हे महत्त्वाचे.

दिवाळीला आपण माळा झाडतो, नको असलेले डबे-बाटल्या काढतो. पण काढण्याआधी प्रत्येक डबा उघडून आत काय आहे ते पाहतोच ना? तीच रीत संगणकालाही लावा. वर्षातून एकदा यादी उघडा, प्रत्येकाची चौकशी करा, आणि कोणाला का बंद केले ते एका वहीत लिहून ठेवा.

परवा ताईचा फोन आला होता. म्हणाली, ‘‘अगं, एक अडचण झालीय. चहा व्हायच्या आत आता संगणकच तयार होऊन बसतो.’’